शोकाचं सॉनेट हातात आलं तर: फॉर्म आणि मीटर पायरीपायरीने कसं बघायचं

मराठी मीडियममधून येऊन पुढे इंग्लिश लिटरेचर घेतलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. शाळेत आपण गण पाडलेले असतात, यमाताराजभानसलगा तोंडपाठ असतं, आणि मग एम.ए.ला कोणीतरी चौदा ओळींचं सॉनेट हातात देतं आणि सांगतं, फॉर्म (म्हणजे कवितेची बांधणी) आणि मीटर (म्हणजे ओळीचा ठेका) ॲनलाइज करा. मी पहिल्यांदा काय केलं तर ऱ्हस्व-दीर्घ बघून लघु-गुरू लावत बसले, दोन तास गेले, काहीच जुळेना, शेवटी यमकांची अक्षरं लिहिली, 'हे पेट्रार्कन सॉनेट आहे' असं एक वाक्य टाकलं आणि असाइनमेंट देऊन मोकळी झाले. मार्क कमी आलेच, पण जास्त लागलं ते हे की कविता एका बापाने आपल्या गेलेल्या लेकीवर लिहिलेली होती आणि माझ्या उत्तरात ती लेक कुठेच नव्हती.

तीच कविता इथे उदाहरणाला घेतेय. विल्यम वर्ड्सवर्थचं 'सरप्राइज्ड बाय जॉय', १८१५ मध्ये छापलेलं. त्याची मुलगी कॅथरिन जून १८१२ मध्ये गेली, चार वर्षांचीसुद्धा झाली नव्हती. ती गेली तेव्हा आई-वडील दोघंही घरी नव्हते, वर्ड्सवर्थ लंडनला होता आणि बायको मेरी वेल्सला आपल्या माणसांकडे गेली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुलगा थॉमसही गेला. म्हातारपणी वर्ड्सवर्थने आपल्या कवितांवर टिपणं सांगून लिहून घेतली, त्यात त्याने म्हटलंय की हे सॉनेट कॅथरिनवरून सुचलं, पण ती गेल्यावर बऱ्याच काळाने. हे 'बऱ्याच काळाने' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काय काय लागेल

- कवितेची छापील किंवा हाताने उतरवलेली प्रत, दोन ओळींत भरपूर जागा सोडून, डाव्या बाजूला १ ते १४ नंबर घालून
- पेन्सिल आणि खोडरबर, पेन नको, कारण निदान तीन वेळा मत बदलणार आहे
- उच्चार आणि जोर दाखवणारी डिक्शनरी, ऑक्सफर्डची ऑनलाइन चालते, स्पीकरच्या खुणेवर टॅप करून ऐकता येतं
- मोबाइलमधला व्हॉइस रेकॉर्डर
- एक वेगळा कोरा कागद, मराठीत अर्थ लिहायला

वेळ म्हणाल तर पहिल्या सॉनेटला दोन-तीन बैठका धरा. एका बैठकीत उरकायला गेलं की आपण उत्तर आधी ठरवतो आणि मग कविता त्यात बसवतो.

१. आधी एक प्रत पक्की करा

नेटवर एकाच कवितेच्या तीन प्रती सापडतील आणि तिन्हीत फरक असेल. या सॉनेटचंच बघा, १८१५ च्या पहिल्या छपाईत दुसऱ्या ओळीत 'आय विश्ड टू शेअर' होतं, म्हणजे 'वाटून घ्यावंसं वाटलं', आणि नंतर वर्ड्सवर्थने ते 'आय टर्न्ड टू शेअर' केलं, म्हणजे 'वाटून घ्यायला वळलो'. तिसऱ्या ओळीतलं 'लाँग बरीड' पण नंतर 'डीप बरीड' झालं. मीटर दोन्हीत सारखंच राहतं पण अर्थ केवढा बदलतो, नुसतं वाटणं वेगळं आणि शरीराने खरोखर बाजूला वळणं वेगळं. मी इथे नंतरचा पाठ घेतलाय. तुमच्या सिलॅबसच्या पुस्तकात जो आहे तोच धरा, आणि विरामचिन्हं नीट उतरवून घ्या, या कवितेत डॅश आणि उद्गारचिन्हांवर फार काही अवलंबून आहे.

२. मीटरला हात लावण्याआधी मराठीत अर्थ लिहा

हा टप्पा सगळे गाळतात. नाही गाळायचा. साध्या गद्य मराठीत लिहा, ओळीमागे ओळ. माझ्या वहीतलं साधारण असं आहे:

अचानक आनंद झाला, वाऱ्यासारखा उतावीळ होऊन मी वळलो, तो कुणाला तरी सांगायला, अरे पण कुणाला, तुलाच ना, आणि तू तर शांत थडग्यात खोल पुरलेली, जिथे कुठलाच बदल पोचत नाही. प्रेमाने, निष्ठावान प्रेमाने तुझी आठवण करून दिली, पण मी तुला विसरलोच कसा? कुठल्या शक्तीने मला एका तासाच्या लहानात लहान तुकड्यापुरतं का होईना इतकं भुलवलं की माझ्या एवढ्या मोठ्या नुकसानीकडे मी आंधळा झालो? तो विचार परत आला ती कळ म्हणजे दुःखाने सोसलेली सगळ्यात वाईट कळ, एक सोडून, फक्त एक, जेव्हा मी एकटा उभा होतो आणि कळलं होतं की माझ्या काळजाचा ठेवा आता राहिला नाही, आणि आत्ताचा काळ काय किंवा अजून न जन्मलेली वर्षं काय, तो चेहरा मला परत दाखवू शकणार नाहीत.

म्हणजे शोक नुसता 'मुलगी गेली' याचा नाहीये. क्षणभर आनंद झाला आणि त्या क्षणात ती गेलीय हेच विसरायला झालं, याचा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत असतं. माझी आजी गेल्यावर चार महिन्यांनी माझा रिझल्ट लागला आणि मी मोबाइलमध्ये तिचा नंबर काढलेला, बटण दाबायच्या आधी थांबले. ही कविता मला त्यानंतर कळली, लेक्चरमध्ये कळली नव्हती.

इथे एक सापळा आहे, ओळखीच्या शब्दांचा. 'ट्रान्सपोर्ट' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ट्रक आणि टेम्पो येतो, इथे त्याचा अर्थ माणूस भान विसरेल असा आनंद. 'सेव्ह वन' म्हणजे एकाला वाचवा नाही, 'एक वगळून'. जुन्या इंग्लिशमधले असे शब्द डिक्शनरीत खाली खाली दिलेल्या अर्थांत असतात, पहिल्या अर्थावर थांबू नका.

३. सिलॅबल मोजा, अक्षरं नाही

आपली सगळ्यात मोठी चूक इथे होते. सिलॅबल म्हणजे शब्दाचा एका झटक्यात म्हटला जाणारा तुकडा, एका स्वराभोवतीचा. मराठी वृत्तात आपण अक्षरं मोजतो, आणि इंग्लिश शब्द मनात देवनागरीत लिहून मोजले की आकडा हमखास चुकतो. 'सायलेंट' लिहिताना सा-य-लें-ट अशी चार अक्षरं दिसतात, सिलॅबल मात्र दोनच. 'सरप्राइज्ड' दोन. 'स्टूड' एक. 'ट्रेझर' दोन. 'व्हिसिसिट्यूड' चार.

सोपा उपाय: हनुवटीखाली हाताचा पंजा आडवा धरा आणि शब्द सावकाश म्हणा. जबडा जितक्या वेळा खाली येईल तितके सिलॅबल. वेडगळ वाटतं पण चालतं, निदान शंका आली तिथे तरी करून बघा.

आता प्रत्येक ओळीसमोर आकडा लिहा. बहुतेक ठिकाणी दहा येतील. जिथे अकरा-बारा आले तिथे लगेच 'कवी चुकला' असं समजू नका, शब्द आवळून म्हणायचा आहे का ते बघा. सातवी ओळ, 'ईव्हन फॉर द लीस्ट डिव्हिजन ऑफ ॲन अवर', सरळ मोजली तर अकरा येतात. तेव्हाच्या कवितेत 'ईव्हन' हा शब्द 'ईन' असा एका झटक्यात म्हणायची सवलत असायची, ती घेतली की दहा. शेवटच्या ओळीतलं 'हेव्हनली' तसंच, तीन नाही, दोन. 'पॉवर' आणि 'अवर' आपण पॉ-व-र, अ-व-र असे तोडून म्हणतो, इथे दोन्ही एकेक सिलॅबल.

४. यमक कानाने लावा, डोळ्याने नाही

प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द उतरवून काढा आणि मोठ्याने म्हणा. पहिल्या यमकाला अ, नवीन आलं की ब, मग क, असं.

इथे पहिल्याच ओळीला आपण अडकतो. शेवट 'विंड', म्हणजे वारा. चौथीचा शेवट 'फाइंड', पाचवीचा 'माइंड', आठवीचा 'ब्लाइंड'. मग पहिली एकटीच पडली का? नाही, कवितेत हा शब्द 'वाइंड' असा म्हणायची जुनी रीत होती, तसा म्हटला की चारही जुळतात. उलट 'हूम' आणि 'टूम' यांचं स्पेलिंग बघितलं तर जुळणार नाहीत असं वाटतं आणि कानाला मात्र अगदी चोख जुळतात.

सगळं लावलं की हे दिसतं:

अ ब ब अ, अ क क अ, ड इ ड इ ड इ

पहिल्या आठ ओळी आणि पुढच्या सहा, अष्टक आणि षट्क, इटालियन पद्धतीची बांधणी. पेट्रार्क या इटालियन कवीच्या ठरलेल्या चालीत अष्टकात दोनच यमकं असतात, अ ब ब अ, अ ब ब अ. वर्ड्सवर्थने सहावी-सातवीला 'पॉवर' आणि 'अवर' हे तिसरं यमक आणलंय. म्हणून उत्तरात नुसतं 'पेट्रार्कन' लिहून सोडू नका, 'पेट्रार्कन धाटणीचं, पण अष्टकात तिसरं यमक आहे' असं लिहा, वाक्य थोडं लांबतं पण खरं होतं.

षट्कातलं मला फार आवडतं ते सांगते. 'बोर', 'फॉरलॉर्न', 'मोर', 'अनबॉर्न', 'रिस्टोर', पाचही शब्दांत एकच लांब ओढलेला ऑ-ओ सारखा स्वर आहे, म्हणजे कागदावर यमकं दोन असली तरी कानाला कण्हल्यासारखा एकच आवाज ऐकू येत राहतो. त्यात बसत नाही तो फक्त नववीचा 'रिटर्न', तो 'फॉरलॉर्न'शी अर्धवटच जुळतो. आणि हा शब्द कशाबद्दल आहे तर तो विचार परत येण्याबद्दल. कवीने मुद्दाम केलं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण ऐकू येतंय एवढं नोंदवायला काहीच हरकत नाही.

एक आडवाट. सॉनेट मराठीत केशवसुतांनी आणलं, तेव्हा त्याला चतुर्दशक म्हणत, सुनीत हे नाव नंतर रुळलं. मराठी सुनीतं बरीचशी शार्दूलविक्रीडितात आहेत, म स ज स त त ग, एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती. तिथे एकोणीसच्या एकोणीस जागा बांधलेल्या, लघुच्या जागी गुरू आला की वृत्त बिघडलं. आपण ही सवय घेऊन इंग्लिशकडे येतो आणि पुढची पायरी म्हणूनच जड जाते.

५. जोर कुठे पडतो ते ऐका

इंग्लिश मीटर लघु-गुरूवर चालत नाही, जोरावर चालतं. मराठी बोलताना आपण शब्दातल्या एकाच जागेवर इतका ठळक जोर देत नाही, त्यामुळे कान तयार करावा लागतो, ते जन्मजात येत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही.

कागदावर खुणा करताना हलक्या सिलॅबलवर छोटी फुली आणि जोराच्या सिलॅबलवर तिरकी रेघ काढा. लघु-गुरूची अर्धचंद्र आणि आडवी रेघ काही जुन्या इंग्लिश पुस्तकांतही दिसते, पण आपल्यासाठी ती टाळलेली बरी, हात सवयीने दीर्घ स्वर शोधायला लागतो. इथे टाइप करताना मी हलक्याला 'ति' आणि जोराला 'धा' लिहितेय.

कसं करायचं:

पहिल्यांदा दोन किंवा जास्त सिलॅबलचे शब्द घ्या आणि डिक्शनरीत जोर बघा. जोराच्या सिलॅबलच्या आधी वर एक बारीक उभी खूण असते. 'सरप्राइज्ड'मध्ये जोर दुसऱ्यावर, 'सायलेंट'मध्ये पहिल्यावर. 'ट्रान्सपोर्ट'सारखे शब्द सांभाळा, नाम असेल तर जोर पहिल्यावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. इथे नाम आहे. 'प्रेझेंट' तेराव्या ओळीत विशेषण आहे, म्हणून जोर पहिल्यावर.

मग एका सिलॅबलचे शब्द. नाम, क्रियापद, विशेषण यांना सहसा जोर येतो, 'द', 'टू', 'ऑफ', 'अँड' असले जोडकामाचे शब्द सहसा हलके जातात. सहसा म्हणतेय, नेहमी नाही.

आता ओळ मोठ्याने वाचा, बातम्या सांगतो तितक्या साध्या आवाजात, आणि रेकॉर्ड करा. ठेका धरून वाचलंत तर कविता तुम्हाला हवा तोच ठेका ऐकवेल.

पहिली ओळ: सर-प्राइज्ड बाय जॉय इम-पे-शंट ॲज द वाइंड

ति-धा ति-धा ति-धा ति-धा ति-धा. हलकं-जोर अशा जोडीला आयम्ब म्हणतात, पाच जोड्या म्हणजे आयॅम्बिक पेंटामीटर. 'ॲज'वरचा जोर नावापुरता आहे, आजूबाजूचे दोन्ही हलके म्हणून तो जरा वर येतो, एवढंच. आणि या जोडीला इंग्लिशमध्ये फूट म्हणतात, त्याचं मराठी 'चरण' करू नका, आपल्याकडे चरण म्हणजे अख्खी ओळ, परीक्षक गोंधळतो. म्हणायचंच तर गण म्हणा, नाहीतर सरळ फूट लिहा.

६. ठेका मोडलेल्या जागा शोधा, खरं काम इथे आहे

तबल्यावर ठेका चालू असतो आणि गाणारा त्याच्याशी जरा पुढेमागे होतो, ठेका ऐकणाऱ्याच्या मनात पक्का असतो म्हणूनच ते पुढेमागे होणं कळतं. इंग्लिश मीटर तसं आहे. आपल्या वृत्तात जागा मोडली की दोष, इथे मोडलेली जागा हीच वाचायची जागा. मला हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

चौदा ओळींना खुणा झाल्या की ज्या ओळी सरळ ति-धा जातात त्या सोडा आणि उरलेल्यांभोवती गोल करा. माझ्या प्रतीवर मुख्य गोल या ओळींना आहेत:

तिसरी, 'बट दी, डीप बरीड इन द सायलेंट टूम'. ति-धा धा-धा ति-ति ति-धा ति-धा. पहिल्या दोन ओळी वाऱ्यासारख्या धावल्या, आनंद आहे ना, आणि इथे 'दी', 'डीप', 'ब-रीड'चा 'ब', असे तीन जोर एकाला एक लागून आले की जीभ थांबतेच, धावत निघालेला माणूस भिंतीवर आदळावा तशी. लागोपाठ दोन जोरांना स्पॉन्डी म्हणतात आणि दोन हलक्यांना पिरिक, पण नाव नंतर, आधी जीभ कुठे अडली ते.

पाचवी, 'लव्ह, फेथफुल लव्ह'. धा-धा ति-धा. पहिल्याच शब्दावर जोर आणि लगेच स्वल्पविराम. इथे मी बराच वेळ 'धा-ति ति-धा' लावत होते, म्हणजे पहिली जोडी उलटी, जोर-हलकं, तिला ट्रोकी म्हणतात, पण 'फेथ'ला हलकं म्हणून बघा, म्हणताच येत नाही.

दहावी, 'वॉज द वर्स्ट पँग'. ति-ति धा-धा. दोन हलकी पावलं आणि मग दोन जड. कळ कशी येते तशी, काही नाही, काही नाही, आणि मग एकदम.

अकरावी, 'सेव्ह वन, वन ओन्ली'. ति-धा धा-धा. 'वन' दोनदा लागोपाठ, आणि 'ओन्ली'चा 'ओन' धरला तर तीन जोर सलग. दुसरं 'वन' कवितेला अर्थासाठी लागत नव्हतं, एकदा म्हणून भागलं असतं. माणूस बोलताना अडखळून तोच शब्द परत म्हणतो तसं झालंय.

बारावी, 'नोइंग माय हार्ट्स बेस्ट ट्रेझर वॉज नो मोर'. धा-ति ति-धा धा-धा ति-ति ति-धा. सुरुवातच उलटी, जोर आधी. मध्ये 'हार्ट्स', 'बेस्ट', 'ट्रे' असे तीन जड शब्द आणि मग 'ट्रेझर'च्या मागचा भाग आणि 'वॉज नो' एकदम विरळ.

आणि मग तेरावी-चौदावी बघा, ज्या गोल न केलेल्या राहिल्यात. 'दॅट नायदर प्रेझेंट टाइम, नॉर यिअर्स अनबॉर्न', पुन्हा सरळ ति-धा, शेवटची ओळही जवळजवळ तशीच. दहा ते बारा इतकं अडखळून झाल्यावर चाल एकदम सपाट होते. कुणी म्हणेल सांत्वन झालं. मला तसं वाटत नाही, ओळी सांगतात काय तर तो चेहरा आता कधीच दिसणार नाही, म्हणजे पुढची सगळी वर्षं अशीच एकसारखी जाणार, आणि चाल एकसारखी झालीय. तुम्हाला उलट वाटलं तर तसं लिहा, फक्त शब्द दाखवून लिहा.

सापळा, आणि हा सगळ्यात कॉमन: 'स्पॉन्डी आली म्हणजे दुःख' असं सूत्र करू नका. लग्नाच्या कवितेतही स्पॉन्डी असते. मोडलेल्या जागेला स्वतःचा अर्थ नसतो, त्या जागेवर कुठला शब्द आहे त्यावरून तो येतो. आणि एखाद्या ओळीच्या खुणा तुमच्या आणि मैत्रिणीच्या वेगळ्या आल्या तर भांडू नका, दोघींनी रेकॉर्डिंग ऐका, काही ओळींना खरोखर दोन वाचनं असतात.

७. कलाटणी शोधा आणि ती ठरल्या जागी नसेल तर घाबरू नका

इटालियन धाटणीत आठव्यानंतर वळण येतं, त्याला वोल्टा म्हणतात. विद्यार्थी डोळे मिटून लिहितात 'नवव्या ओळीला वोल्टा आहे'. नवव्या ओळीवर बोट ठेवून वाचा. ती सुरू होते 'टू माय मोस्ट ग्रीव्हस लॉस' अशी, म्हणजे सहाव्या ओळीच्या शेवटाला निघालेला प्रश्न अजून संपलेलाच नाही, तो अष्टकाची हद्द ओलांडून षट्कात घुसलाय आणि नवव्याच्या मध्यावर उद्गारचिन्हाला संपतो. मग डॅश, आणि 'दॅट थॉट्स रिटर्न'. फॉर्मने आखलेल्या रेषेवर दुःख थांबलं नाही. वाक्य ओळीबाहेर सांडण्याला एन्जॅम्बमेंट म्हणतात, आणि हे इथलं सगळ्यात मोठं एन्जॅम्बमेंट. त्यात आठवी ओळ संपते कुठे, तर 'ब्लाइंड' या शब्दावर. पुढची ओळ अजून दिसत नाही, कशाला आंधळा ते अजून माहीत नाही, त्या पांढऱ्या जागेत वाचणाराही क्षणभर आंधळाच असतो.

खरं तर वळणं तीन आहेत. पहिलं फार लवकर, दुसऱ्याच ओळीत, 'ओ! विथ हूम'. आनंद जेमतेम दीड ओळ टिकला. दुसरं सहाव्यात, 'बट हाउ कुड आय फर्गेट दी', इथे दुःख स्वतःवरच्या रागात बदलतं. तिसरं नवव्याच्या मध्यावर. तिन्ही ठिकाणी डॅश किंवा उद्गारचिन्ह आहे, म्हणून म्हटलं होतं विरामचिन्हं नीट उतरवा.

आता ते 'बऱ्याच काळाने' आठवा. ताज्या शोकात माणूस विसरत नाही, विसरणं काळ गेल्यावर होतं. कवितेतली सगळी टोचणी त्या विसरण्याची आहे आणि वळणंही आठवण-विसर-आठवण अशीच पडलीत. चरित्रातली माहिती उत्तरात टाकायची तर अशी, फॉर्मला कुठेतरी चिकटवून. सुरुवातीला अर्धं पान चरित्र लिहून मग मीटरला वेगळा परिच्छेद, असं केलं की दोन्ही सुटं पडतं.

८. लिहिताना

खुणा सगळ्या ओळींच्या करा, लिहा मात्र चार-पाचच ओळींवर. पहिल्या परिच्छेदात फॉर्म पटकन उरका: चौदा ओळी, आयॅम्बिक पेंटामीटर, यमकांची रचना, रूढ चालीपासून कुठे हटलंय. मग लगेच मोडलेल्या जागा.

कच्चं वाक्य असं असतं: 'कवीने दहाव्या ओळीत पिरिक आणि स्पॉन्डीचा वापर करून दुःख प्रभावीपणे व्यक्त केले आहे.' यात कवितेतला एकही शब्द नाही, हे वाक्य कुठल्याही कवितेला लावता येईल. त्याऐवजी: 'दहाव्या ओळीत पहिले दोन सिलॅबल हलके जातात आणि वर्स्ट, पँग हे दोन जोर लागून येतात, त्यामुळे कळ हा शब्द उच्चारायला ओळ थांबते, बाराव्यात हेच हार्ट्स बेस्ट ट्रेझरवर होतं, म्हणजे दोन्ही थांबे त्याच्या नुकसानीच्या शब्दांवर आहेत.' पेपर इंग्लिशमध्ये असेल तरी आधी मराठीत असं वाक्य जमवा, मग इंग्लिश करा. मला तरी उलट करून कधीच जमलं नाही, इंग्लिशमध्ये थेट लिहिलं की पाठ केलेली वाक्यं आपोआप येतात.

देण्याआधी बघायचं: ओळींचे नंबर बरोबर आहेत का, 'लघु-गुरू' किंवा 'मात्रा' हे शब्द चुकून आलेत का, उतरवलेल्या ओळीत डॅश राहून गेलाय का, आणि कॅथरिन तुमच्या उत्तरात कुठेतरी आहे का.

९. सरावाला पुढचं सॉनेट

लगेच दुसरं घ्या, नाहीतर कान परत बंद होतो. मिल्टनचं 'मीथॉट आय सॉ माय लेट एस्पाउज्ड सेंट' घ्या, १६७३ च्या संग्रहात छापलेलं, वारलेली बायको स्वप्नात येते ते. मिल्टन १६५२ पर्यंत पूर्ण आंधळा झाला होता. बायको कुठली यावर अभ्यासकांत वाद आहे, १६५२ मध्ये गेलेली मेरी की १६५८ मध्ये गेलेली कॅथरिन, तुम्ही त्या वादात पडू नका. यमकं अ ब ब अ, अ ब ब अ, क ड क ड क ड, म्हणजे वर्ड्सवर्थपेक्षा कडक, त्यात 'ग्रेव्ह', 'गेव्ह', 'सेव्ह' यांच्या रांगेत 'हॅव्ह' येतो, तो कानाने तपासा. अष्टकाच्या शेवटी वोल्टा शोधाल तर फसाल, स्वप्न नवव्या ओळीला तसंच पुढे चालू राहतं आणि वळण येतं थेट तेराव्याला, 'बट ओ' म्हणून, ती मिठी मारायला वाकते तेव्हा.

मग शेवटची ओळ: 'आय वेक्ड, शी फ्लेड, अँड डे ब्रॉट बॅक माय नाइट'. मी जागा झालो, ती पळाली, आणि दिवसाने माझी रात्र परत आणली. दहा सिलॅबल, दहा शब्द, एकही शब्द एका सिलॅबलपेक्षा मोठा नाही. पेन्सिलने खुणा करायला या ओळीपासून सुरुवात करा, आणि 'डे ब्रॉट बॅक' या तीन शब्दांवर तुमची जीभ काय करते ते रेकॉर्डिंगवर दोनदा ऐका.